लाल खुणेचा नळ

जुलैत मस्कतला गाराच्या नळाला कढत पाणी येतं.
गच्चीवरची टाकी दिवसभर आधणासारखी तापते.
म्हणून गीझर बंद ठेवायचा
आणि लाल खुणेचा नळ सोडायचा,
त्यातलं अंगाला सोसतं.
समुद्राचं पाणी हे, मीठ मागे ठेवून आलेलं.
पाच वर्षांत हे उलटं अंगवळणी पडलंय.

बाळ एकवीस दिवसांचं.
नाव ठरायचंय अजून,
कारण नावाआधी पाण्याचं ठरायचंय.

सासरे गासहून रोज फोन करतात.
"स्नानसंस्कार कधी? आमच्यात पोर
आठवड्याचं झालं की देवळात नेतात.
काही झालं म्हणजे?"
काही झालं म्हणजे काय, ते पुढे बोलत नाहीत.
त्यांच्या मागे केळीची पानं हलत असतात.

माझे वडील, राहुरीचे शांतवन मास्तर,
चोविसाव्या वर्षी मुळेच्या डोहात
स्वतःच्या पायांनी उतरले होते, गळ्यापर्यंत.
"कबुलीवाचून बाप्तिस्मा म्हणजे नुसती आंघोळ.
आणि त्यानं केलंय काय अजून?
दूध ओकलंय. एवढंच ना?"

देवळं इथे घालाला, दोन्ही एकाच कुंपणात.
गावाचं नाव ऐकून वडील हसले होते:
घाला? काय घाला?
"पाणी घाला," पलीकडून सासरे म्हणाले,
आणि फोनवर पहिल्यांदाच दोघं एकदम हसले.
तेवढंच.

काल ब्लेज कचेरीतून आला,
मुदतीत बाळाचा व्हिसा लागला नाही तर
रोजचा दंड, म्हणाला.
"कुणाच्या नावावर?"
"बाळाच्या. भरायचा मी."
सासऱ्यांनी हे नेमकं ऐकलं.
"बघा मास्तर! मी दुसरं काय सांगतोय?
न केलेल्याचा दंड, आणि भरणारा वेगळाच."
वडील थोडं थांबले. चष्मा पुसला असणार.
"पण मुदत देतात ना, इनासराव?
पहिल्या श्वासापासून नाही मोजत."

दोघांनाही मी एक सांगितलेलं नाही.
ब्लेजलासुद्धा नाही.

चार वर्षांपूर्वीची नाइट. काचेची सात नंबरची पेटी.
सहाशे वीस ग्रॅमची मुलगी.
आई, मारिसेल, खाली ऑपरेशनला.
बाप दुक्मच्या वाटेवर, ट्रेलर कडेला लावून
फोनवर रडत होता:
सिस्टर, तुम्ही आमच्यातल्या ना,
पाद्री पोचायचे नाहीत, तुम्हीच करा.

मी आमच्यातली नव्हते. त्यांच्यातली.
डोहाकाठची मी. मास्तरांची मुलगी.

सिरिंजमध्ये दोन मिली निर्जंतुक पाणी घेतलं,
मुठीत धरून कोमट केलं.
कपाळ माझ्या अंगठ्याएवढं.
तीन थेंब. तीन नावं.
पाप कुठे होतं मला दिसलं नाही.
एक निळी शीर दिसली, केसाहून बारीक,
आणि ती उडत होती.
ओलं राहिलं की अशी बाळं गार पडतात,
म्हणून लगेच टिपून घेतलं, गॉजच्या टोकानं.
देवाचं पाणी मी किती पटकन पुसलं!

"झालं?" त्यानं विचारलं.
"झालं."
चार दहा झाले होते.
चार्टवर या गोष्टीला रकाना नव्हता.
पाच पन्नासला जे झालं त्याला होता.

आता लाल नळ सोडते.
मनगटाच्या आतल्या बाजूनं पाणी बघते.
एका हातावर हा, पालथा, चिडलेला, धडधाकट,
पाठीवरची लव अजून गेलेली नाही.
मग उताणा करून
डोक्यावर ओंजळ धरते. एक. दुसरी.
तिसरीला हात जरा थांबतो,
रोजच थांबतो,
आणि ओठ हलतात की नाही
हे आरसा नसल्यामुळे मला सांगता येणार नाही.

दाराबाहेरून ब्लेज विचारतो, "झालं?"
आंघोळीचंच विचारतोय.
"थांब," म्हणते,
"अजून पुसायचंय."